तिच्या बाजूचा ठोकळा

ठोकळा आहे मी. बाभळीचा. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या, मध्येच दात काढलेले मला चालणार नाहीत.

माणसं एकमेकांना घालूनपाडून बोलताना माझं नाव घेतात. 'काय ठोकळ्यासारखा उभा आहेस' म्हणतात. अरे, उभं राहणं म्हणजे काय खायचं काम वाटलं? पलंगाचा एक पाय डोक्यावर घ्या, वर दोन माणसं झोपू द्या, आणि वर्षानुवर्षं कूस न बदलता राहून दाखवा. मग नावं ठेवा.

मी ज्या झाडाचा, ते रस्त्याच्या कडेला होतं. रस्ता रुंद करताना पाडलं. फांद्या जळणाला गेल्या, बुंधा सुताराच्या अंगणात ऊन खात पडला. सुतार म्हणायचा, "ह्याला करवत लावली तर करवतच रडेल." बरोबर बोलायचा. बाभूळ आहे, भोपळा नाही.

एक दिवस सुताराचा जुना मित्र आला. फरशी बसवणारा. त्याला सगळे पाणसळ म्हणायचे, कारण पाणसळ, म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी, कायम त्याच्या खिशात. कुणाच्या घरी गेला की चहा नंतर, आधी फरशीवर पट्टी. बुडबुडा मधोमध थांबला तर गडी खूष. जरा इकडेतिकडे झाला की तोंडाचा पट्टा सुरू. राग कायम नाकावर. पण हाताला तोड नाही. त्यानं बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवा, जागची हलायची नाही.

"दोन ठोकळे पाहिजेत," तो म्हणाला. "पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली."

"का रे पाणसळ्या? दुनियेची जमीन सपाट करतोस आणि स्वतः उतारावर झोपणार?"

"तुला काय जातंय दात काढायला. आडवा झालो की खाल्लेलं घशाशी येतं. आंबट, जळजळीत. छातीत निखारे ठेवल्यासारखं होतं. गल्लीतला डॉक्टर म्हणाला, उशा रचू नको, त्यानं नुसती मान मोडते, पलंगच उशाकडून उचल. विटा लावल्या होत्या. त्या सरकल्या आणि पलंग दाणकन खाली. आमच्या हिला वाटलं घरात चोर शिरला. झाडू घेऊन उभी."

सुतारानं एकाच बुंध्यातून आम्हा दोघांना कापलं. पलंगाचा पाय घसरू नये म्हणून डोक्यावर गोल खाच पाडली. माझा भाऊ गेला त्याच्या बाजूच्या पायाखाली. मी गेलो तिच्या बाजूला.

ती म्हणजे त्याची बायको. शिवणकाम करायची. खिडकीपाशी मशीन, पलीकडे पलंग, एवढीच ती खोली. बायकांचे कपडे उसवायचे, सैल करायचे, परत शिवायचे, आणि ते करताना ज्याचे त्याला टोमणे मारायचे. बाई खमकी होती. पाणसळाचा आवाज चढला की ही मशीनवर जोरजोरात पाय मारायची. मशीनच्या खडखडाटात त्याचं एक अक्षर ऐकू यायचं नाही. तो थकून गप्प बसायचा.

"अहो, हा पलंग आहे की घसरगुंडी?" पहिल्या दिवसांत ती म्हणायची. "डोळा लागतो उशीवर आणि उघडतो पायथ्याशी."

"मग धरून झोपायचं."

"कुणाला धरू? तुम्ही तर माझ्या आधी खाली पोचता."

गल्लीतल्या बायकांना सांगायची, "माझं फार काही मागणं नाही बाई. दागिना नको, साडी नको. एक सपाट पलंग मिळाला तरी पावलं." बायका हसायच्या. तीही हसायची. पाणसळ हसायचा नाही. माणूस तापट असला तरी बोललेलं लक्षात ठेवणारा होता, आणि तेच पुढं नडलं.

वर्षं गेली. तिनं पायथ्याशी गोधडीची वळकटी लावली, मग घसरणं थांबलं. पुढं पुढं कुरकुरही थांबली. उलट ती उशी घेऊन वर वर सरकायला लागली, पार भिंतीला टेकून. माझ्या डोक्यावरचं वजन वाढलं ना, म्हणून मला कळलं.

लेक भेटायला यायची. तिचं घर पलीकडच्याच गावात. एकदा तिनं विचारलं, "आई, तुला जमतं का गं असं उतारावर?"

"आता उतारच बरा वाटतो. मस्त झोप लागते. दुसरीकडं कुठं आडवी झाले की जीव घुसमटतो बघ."

"सवय," लेक म्हणाली.

"सवयच," ती म्हणाली.

सवय. सगळ्या घरानं तो शब्द उशीसारखा मानेखाली घेतला. कारण घरात दुखणं एकालाच होतं ना, पाणसळाला. एका घरात एका वेळी एकच आजारी, असाच माणसांचा हिशोब असतो. एकजण आजारी म्हटला की दुसरा आपोआप त्याची औषधं आणणारा. त्याला कोण विचारतो?

पाणसळाचं मात्र वाढतच गेलं. फरशीचं काम म्हणजे सगळं ओणवं. वाकला की पोटातलं वर. गोळ्या खाल्ल्या, तिखट सोडलं, चहा सोडला, राग तेवढा सुटला नाही. आवाज घोगरा झाला. दात झिजले. एकदा कुणाच्या स्वयंपाकघरात फरशी बसवताना वाकलेला असतानाच घशाशी आलं ते श्वासनळीत गेलं. माणूस निळा पडला. लोकांनी पाठीत गुद्दे घातले तेव्हा श्वास आला. ते काम अर्धवट सोडून घरी आला आणि पलंगावर बसून राहिला.

"ज्याला वाकता येत नाही तो कसला फरशीवाला," एवढंच बोलला. मशीन थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी ती त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

तिथली सगळी कथा मी पलंगाखालून ऐकलेली. तोंडातून दुर्बीण घालून बघितलं, नाकातून नळी घालून आंबट किती वर येतं ते मोजलं. ऑपरेशन करणारी डॉक्टरीणबाई म्हणाली, छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, अन्ननळी जायला त्याला भोक असतं. ते सैल पडलंय, आणि जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकलाय.

"म्हणजे पायपाभोवतीचं सिमेंट सुटलंय," पाणसळ म्हणाला.

"तसंच समजा. आम्ही जठर खाली ओढतो, भोक टाके घालून लहान करतो, आणि जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती मफलरसारखा गुंडाळतो. मग वर येत नाही. पोट फाडायचं नाही. चार-पाच बारीक भोकं, दुर्बिणीतून."

घरी आल्यावर गड्याची गाळण उडाली. "भोक बुजवायला आणखी पाच भोकं? कुठल्या शाळेत शिकवतात हे?"

"तुम्ही नाही का, एक फुटकी फरशी काढायला शेजारची चार हलवता?" ती म्हणाली.

"फरशी मरत नाही."

"तुम्हीही नाही मरत. इतकं बोलणारा माणूस मरत नसतो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा सरळ आडवे होऊन झोपा हो. माझ्यासाठी."

त्या शेवटच्या शब्दावर तो तयार झाला.

लेकीला तिनं एक गंमत सांगितली होती, ती मला आजही टोचते. इस्पितळाच्या जिन्यावर हिला दम लागला. कठड्याला धरून उभी राहिली. ती डॉक्टरीणबाई खाली येत होती. म्हणाली, "बाई, बसा आधी. काय होतंय तुम्हाला?" ही म्हणाली, "मला काही नाही. मी पेशंट नाही, पेशंट वर गेले." आणि हे सांगून दोघी मायलेकी हसल्या. मी खाली होतो. लाकडाला हसता येत नाही, बरंच आहे.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. घरी आला तेव्हा पोटावर बारीक पट्ट्या आणि तोंडात तक्रार. "पोट कापलं आणि दुखतो खांदा." आत हवा भरतात, त्या हवेनं खांदा दुखतो, दोन दिवसांत जाईल, असं सांगून पाठवलं होतं. आधी नुसतं पातळ, मग मऊ, बारीक घास, चावून चावून. ढेकर येईना. "जेवलो की नाही ते पोट सांगतच नाही," म्हणायचा. जड उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही, पुढच्या तपासणीपर्यंत. पण जळजळ गेली. पार गेली. सकाळी उठला की छातीवर हात ठेवून बसायचा, हरवलेली वस्तू शोधल्यासारखा.

आता सपाट झोपलं तरी चालेल, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं, त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं सुताराला बोलावलं. स्वतः उचलायची बंदी होती ना.

"उचल पलंग. काढ दोन्ही ठोकळे."

"अरे, राहू दे की आठवडाभर," सुतार म्हणाला.

"एक दिवस राहू देणार नाही. किती वर्षं ही बया सपाट पलंग मागतेय. आज देतो तिला."

ती मशीनपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं मला नीट दिसलं, कारण मी तेव्हाच पलंगाखालून बाहेर आलो होतो. आधी ती हसली. खरं हसली, लग्नातल्या नवरीसारखी. मग पाणसळानं खिशातली पट्टी काढून पलंगाच्या कडेवर ठेवली. बुडबुडा मधोमध. "बघ," तो म्हणाला. "काच ठेव वर. हलणार नाही."

"फार छान केलंत," ती म्हणाली.

माझा भाऊ पाणसळाच्या पिशवीत गेला, फरशी ठोकायला कामाला येईल म्हणून. तो मलाही टाकत होता, पण ती म्हणाली, "हा राहू द्या. मशीनवर बसल्यावर पायाखाली घेते." म्हणून मी त्या खोलीत राहिलो, आणि म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

पाणसळ सपाट झोपला आणि घोरला. तिला मात्र जमेना. आडवी झाली की पाण्यात बुडाल्यासारखं करायची. उठून बसायची. गोधड्या रचून टेकून बघितलं, तर हा म्हणाला, "सपाट पलंगावर डोंगर कशाला रचतेस? मान मोडेल." त्यानं स्वतःच्या हातानं गोधड्या काढल्या. प्रेमानंच काढल्या, तेच तर सांगतोय.

मग ती पहाटेच्या आधीच उठायला लागली. मशीनवर बसायची, दोन्ही हात पुढं टाकून त्यावर डोकं ठेवायची, पाय माझ्यावर. तिथंच तिला झोप लागायची. हा उठून विचारायचा तर म्हणायची, "काम साठलंय."

पाय माझ्यावर असायचे. ते सुजले होते. सुरुवातीला टाचा माझ्यावर टेकायच्या तर खाचेची कड नुसती लागायची त्यांना. आता ती कड सुजेत रुतायची, आणि पाय उचलला तरी खळगा तसाच राहायचा. मी ओरडलो असतो तर गल्ली जमा केली असती. पण ठोकळ्याला तोंड कुणी पाडलंय?

एका दुपारी तिनं विषय काढला. सहज काढल्यासारखा.

"अहो, तो एक ठोकळा माझ्या बाजूला परत लावू या का? नुसता माझ्याच."

पाणसळाच्या कपाळाची शीर उठली. "का?"

"सवय मोडलीय हो. झोप लागत नाही."

"एकाच बाजूला ठोकळा? पलंग लंगडा करायचा? इतकी वर्षं उतारावरून डोकं खाल्लंस आणि आता सपाटीवर झोप लागत नाही?" त्यानं पट्टी काढली, परत पलंगावर ठेवली. आडवी ठेवली, उभी ठेवली. "ये इकडं. बघ. बुडबुडा कुठं आहे? मधोमध आहे. पलंगात काही दोष नाही. दोष तुझ्या डोक्यात आहे."

तिनं येऊन बुडबुडा बघितला. मग म्हणाली, "पलंगात दोष नाहीच. मी कुठं म्हणतेय."

आणि तो एकदम नरमला. "मग काय गं? ठोकळ्याचं नाव काढलंस की मला धडकी भरते. वाटतं, परत सगळं वर येणार. ऑपरेशन वाया जाणार."

"नाही काढत नाव," ती म्हणाली, आणि मशीनवर जाऊन बसली.

दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, असं म्हणतात. इथं तसंही नव्हतं. दुखणं दोघांना होतं, औषध एकाला मिळालं. आम्हा ठोकळ्यांचा आसरा मात्र दोघांना होता, एकाला माहीत असून आणि एकीला नसून. बुडबुड्यानं पलंग सपाट आहे ते सांगितलं. पलंगावरच्या बाईच्या छातीत पाणी चढतंय, हे सांगायला बुडबुडा तिच्या आत कुठं होता? मला त्या माणसाचा संताप यायचा. अजून येतो. पण त्यानं आयुष्यभर ज्या पट्टीवर भरवसा टाकला तिलाच त्यानं विचारलं. दुसरं काय विचारणार होता तो?

लेक आईचे पाय बघून हादरली. "आई, उद्याच्या उद्या डॉक्टरकडं चल."

"यांची तपासणी होऊ दे. वाकायची परवानगी मिळू दे, कामाला लागू दे. मग माझं बघू. आत्ता बोललीस तर हे तपासणी सोडून माझ्यामागं फिरतील. वचन दे."

लेकीनं दिलं. ते वचन ती पोर अजून छातीवर घेऊन फिरते.

तपासणीच्या दिवशी पाणसळ आणि सुतार इस्पितळात गेले. ही एकटी घरी. दार लोटलं, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "चल रे बाबा. एक डुलकी तरी काढू दे."

तिच्यानं मला उचलवेना. पायानं ढकलत ढकलत पलंगापाशी आणलं. पलंगाखाली खांदा लावला आणि उशाकडचा कोपरा उचलायला लागली. उचलला. पलंगाचा पाय माझ्या खाचेच्या उंचीला आला न आला, आणि परत खाली गेला. दम घेतला. परत लावला खांदा. मी होतो तिथंच, वीतभर अंतरावर. मला एवढंसं सरकता आलं असतं तर.

तिसऱ्यांदा ती उचलायला गेलीच नाही. पलंगाला टेकून जमिनीवर बसली, एक हात माझ्यावर ठेवून. तळवा ओला आणि गार होता. श्वास उकळत्या भांड्यासारखा वाजत होता.

पाणसळ दारातूनच ओरडत आला. "अगं, डॉक्टरीणबाई वाक म्हणाली. हवं तेवढं वाक. उद्यापासून..." मग त्यानं बघितलं.

सुतारानं तिला उचललं. त्याच इस्पितळात नेली. ती परत आली नाही.

सगळं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर, पाणसळ पलंगावर बसला. समोर सुतार. मी त्याच्या हातात. बराच वेळ माझ्या खाचेत अंगठा फिरवत होता.

"तिथल्या हृदयाच्या डॉक्टरनं मला विचारलं," तो म्हणाला. "बाई किती उशा घेऊन झोपायच्या? मी म्हणालो, एक. तो म्हणाला, एक कसं शक्य आहे? हृदय इतकं थकलेला माणूस सपाट झोपूच शकत नाही, त्याचा श्वास कोंडतो. कित्येक वर्षांचं दुखणं आहे हे. मी म्हणालो, साहेब, आमचा पलंगच उतरता होता."

"मग?"

"मग काही नाही. तो कागदावर काहीतरी लिहायला लागला." त्यानं मला मांडीवर ठेवलं. "तिनं मागितला होता रे हा. एकच मागितला होता. मी पट्टी लावून दाखवली तिला."

सुतार नाक ओढत बसला.

"उठ," पाणसळ म्हणाला. "पलंग उचल. तिच्या बाजूचा."

"एकाच बाजूला? लंगडा होईल."

"होऊ दे."

तेव्हापासून मी परत इथं आहे, माझ्या जागेवर. डोक्यावर पलंगाचा पाय आहे, वजन मात्र नाही. तिची उशी वर, भिंतीला टेकलेली. पाणसळ खालच्या बाजूला, स्वतःच्या कडेला झोपतो. घशाशी काही येत नाही त्याच्या, ते ऑपरेशन पक्कं आहे. तो कामाला जातो, वाकतो, फरशी बसवतो. लोक म्हणतात, हल्ली ओरडत नाही. मला तो ओरडायचा तेच बरं वाटायचं.

मी लाकूड आहे, शहाणपण शिकवायचा मला हक्क नाही. तरी सांगतो. तुमच्या घरातला आजारी माणूस बरा झाला की त्याची औषधं आणणाऱ्याकडं एकदा बघा. जिन्यावर तो कठडा धरून उभा राहतोय का, ते बघा. काही होतं का म्हणून विचारू नका, तो 'सवय' म्हणेल. सरळ हाताला धरून घेऊन जा. चिडला तर चिडू द्या.

झोपायच्या आधी पाणसळ खिशातली पट्टी काढून पलंगावर आडवी ठेवतो. बुडबुडा घसरत घसरत वरच्या बाजूला जातो, तिच्या बाजूला, आणि तिथंच थांबतो. तो बघत बसतो. मग दिवा मालवतो. पलंग सरळ करत नाही.